बरणीचा काठ

एकदा एका तालुक्याच्या गावी, धर्मादाय रुग्णालयात, एक वृद्ध परिचारिका रोज सकाळी आठच्या ठोक्याला शिकवायला येत असे. सेवेतून निवृत्त होऊन तिला बारा वर्षे झाली होती. तरी येत असे. सगळे तिला नुसते ‘बाई’ म्हणत. तिच्या मनगटावर घड्याळ नव्हते, बांगडी नव्हती, बोटात अंगठी नव्हती. कोपरापासून खाली दोन्ही हात स्वच्छ आणि रिकामे. वयोमानाने ते आता किंचित कापू लागले होते, आणि ही गोष्ट ती कोणापासून लपवीत नसे.

तिच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलींत एक नवी परिचारिका होती. महाविद्यालयात चांगले गुण मिळवलेली, पुस्तकातले सारे तोंडपाठ. पण स्वभाव असा की मागे दार आपटले तरी दचकावे. कोणी मोठ्याने हाक मारली, तर आपलेच काही चुकले असावे असे तिला आधी वाटे, आणि हाक कोणाला मारली आहे हे नंतर कळे.

त्या आठवड्यात बायकांच्या वॉर्डात सहा नंबरच्या खाटेवर सुगंधाबाई नावाच्या एक कासारीण होत्या. वय बासष्ट. देवळाच्या पायरीवरून पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले, आणि सोमवारी शस्त्रक्रिया होऊन आत पोलादी सळई बसली. पाय हलत नव्हता, तोंड मात्र अखंड चालू होते.

“अगं पोरींनो, तुमच्या या दवाखान्यात एकीच्याही हातात काकण नाही! मला तर बाई झोपच येईना. वाटलं, आपला धंदा बुडाला.”

बाई म्हणाल्या, “बांगडीखाली साबण पोचत नाही, सुगंधाबाई. तिथं जंतू राहतात.”

“म्हणजे जन्मभर मी जंतूंना घरंच बांधून दिली म्हणा की!”

सारा वॉर्ड हसला. नवी परिचारिका तेवढी हसली नाही. आदल्या दिवसापासून सुगंधाबाईंच्या डोळ्यांत पाहणे तिला जमत नव्हते.

त्याचे कारण तिला एकटीला ठाऊक होते. मंगळवारी सकाळी सुगंधाबाईंना लघवी होईना, म्हणून डॉक्टरांनी नळी घालायला सांगितले. तिने हात धुतले, निर्जंतुक हातमोजे घातले, सगळे पुस्तकाप्रमाणे केले. नळी हातात घेतली आणि त्याच क्षणी पलीकडच्या खाटेखाली कोणाच्या तरी पायाने स्टीलचे बेडपॅन लाथाडले गेले. केवढा तो आवाज! ती दचकली, हात हलला, आणि नळीचे टोक सुगंधाबाईंच्या पांघरुणाला लागून गेले. निमिषभरच. पण लागले.

अशा वेळी ती नळी टाकून दुसरी घ्यायची असते. दुसरी नळी कपाटात होती, कपाटाची किल्ली इनचार्ज सिस्टरांकडे होती, आणि इनचार्ज सिस्टर सकाळीच तिला सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, “काय गं, आज किती वस्तू वाया घालवणार आहेस?” तिने इकडेतिकडे पाहिले. कोणी पाहिले नव्हते. तिने तीच नळी घातली. मग रुग्णाच्या कागदावर, शिकवले होते त्याच शब्दांत, लिहिले : निर्जंतुक पद्धतीने लघवीची नळी घातली. वेळ सव्वादहा. खाली सही.

आता अडचण अशी की, नळीवाटे जंतू आत शिरले तर ते मूत्राशयात थांबतीलच असे नाही. रक्तात उतरले तर त्या नव्या सळईपर्यंत जाऊ शकतात. आणि सळईवर जंतू बसले की ती पुन्हा काढावी लागते. हे तिला परीक्षेत आले होते. तिने त्याचे उत्तरही बरोबर लिहिले होते.

बुधवारी सकाळी सुगंधाबाईंच्या जखमेचे पहिले ड्रेसिंग होते. डॉक्टर घाईत होते. बारा वाजता त्यांना दुसऱ्या गावी शस्त्रक्रियेला जायचे होते. ट्रे मांडायला स्वतः बाई उभ्या राहिल्या. नवी परिचारिका ड्रमचे झाकण धरून त्यांच्या शेजारी होती. निर्जंतुक केलेले कापसाचे बोळे, जाळीचे कापड, छोटे चिमटे असे सगळे त्या ड्रममध्ये असते. त्याला हाताने शिवायचे नसते. औषधी पाण्याच्या उंच बरणीत एक लांब चिमटा बुडवून ठेवलेला असतो, त्याने एकेक वस्तू उचलून ट्रेमध्ये ठेवायची. त्या लांब चिमट्याचा एक नियम आहे : बरणीतून तो सरळ वर काढायचा. पाण्याच्या वरची आतली काच आणि बरणीचा काठ यांना टोक लागता कामा नये. काठाला लागला की चिमटा बाद, आणि त्याने उचललेले सारेच बाद.

बाईंनी चिमटा काढला. कापऱ्या हाताने, पण सरळ. एक, दोन, तीन वस्तू ट्रेमध्ये ठेवल्या. चौथ्यांदा काढला, तेव्हा दाराकडून अगदी बारीक आवाज आला.

“बाई... जरा थांबा.”

दारात हौसा उभी होती. वॉर्डातली फरशी पुसणारी मावशी. बादली पायाशी, दोन्ही हातांनी पोछ्याची काठी घट्ट धरलेली, जणू ती सोडली तर स्वतःच पडेल.

“काय गं हौसा?”

“चिमटा... काठाला लागला, बाई. मला दिसलं.”

नवी परिचारिका अगदी जवळ उभी होती. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते : चिमट्याचे टोक आणि काठ यांच्यामध्ये चांगले बोटभर अंतर होते. चिमटा लागला नव्हता. दारातून पाहताना तसा भास झाला असेल.

डॉक्टर म्हणाले, “नाही लागला, मावशी. मी पाहिलंय. चला बाई, होऊ द्या.”

बाईंनी हौसाकडे पाहिले. मग हातातला चिमटा बाजूच्या भांड्यात टाकला. मांडलेला ट्रे उचलला आणि तोही बाजूला ठेवला. ड्रमचे झाकण लावले.

“बरं झालं बोललीस, हौसा,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर, वीस मिनिटं द्या. सगळं नव्यानं मांडते.”

“अहो बाई! मला बारा वाजता तिकडं पोचायचंय. आणि मी सांगतो ना, लागला नव्हता!”

“तुम्ही इंटर्न होतात तेव्हा मास्क नाकाखाली घालून यायचात. मी काही तुम्हाला वॉर्डाबाहेर घालवलं नव्हतं. वीस मिनिटं मागतेय फक्त.”

डॉक्टर मागे सरले. दुसरा ड्रम वरच्या मजल्यावरून आणावा लागला. दुसरी बरणी, दुसरा चिमटा. बाईंनी पुन्हा हात धुतले, कोपरापर्यंत, पहिल्याइतकाच वेळ घेऊन. सुगंधाबाई खाटेवरून म्हणाल्या, “काय चाललंय गं? माझ्या एका मांडीसाठी लग्नाचं ताट मांडताय का दोनदा?” ड्रेसिंग झाले. जखम कोरडी होती, लाल नव्हती. डॉक्टर घड्याळ पाहत निघाले; पण ऑफिसात एक सही राहिली होती म्हणून तिथे थांबले.

नवी परिचारिका ट्रे धुवायला घेऊन गेली आणि बाईंच्या मागे मागे मोरीपर्यंत आली. तिला राहवेना.

“बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार. रागावले तरी विचार.”

“चिमटा लागला नव्हता. मी शेजारीच होते.”

“माहीत आहे मला.”

“मग तुम्हाला शंका आली म्हणून टाकलंत? पुस्तकात आहे तसं? शंका आली तर ती वस्तू निर्जंतुक नाही, असं धरायचं...”

“मला शंका नव्हती,” बाई म्हणाल्या. “हात कापतात, पण माझे मलाच कळतात अजून. चिमटा साफ होता, ट्रे साफ होता.”

“मग का टाकलंत?”

बाईंनी नळ बंद केला. हात पुसायची घाई केली नाही; बोटांवरून पाणी ओघळू दिले.

“हौसा या दारात एकोणीस वर्षं फरशी पुसते. रोज आपल्याला बघते. आपण काय करतो, कुठं हात लावतो, सगळं तिला दिसतं. या एकोणीस वर्षांत तिनं आज पहिल्यांदा तोंड उघडलं. डॉक्टर समोर असताना. मी ‘नाही लागला’ म्हटलं असतं, तर ते खरंच होतं. पण तिच्या कानाला काय ऐकू गेलं असतं? ‘तू फरशी पूस.’ आज ती चुकली. पण उद्या माझा हात खरंच लागेल, पोरी. वय झालंय, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. त्या दिवशी ती बघेल आणि मान खाली घालून पोछा मारत राहील. ट्रे पुन्हा वाफेत घातला की निर्जंतुक होतो. बोलणारं माणूस एकदा गप्प झालं, तर त्याला कशात घालून परत आणायचं?”

बाईंनी साबण जागेवर ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “हे मला कुणी शिकवलं नाही. मी पंचवीस-तीस वर्षांची असताना एक विद्यार्थिनी मला अशीच म्हणाली होती, ‘सिस्टर, तुमची बाही लागली.’ नव्हती लागली. मी तिला म्हटलं, ‘आधी स्वतःचं काम बघ.’ सगळे हसले. ती मुलगी पुढं तीन वर्षं माझ्या हाताखाली होती. तीन वर्षांत ती मला एका शब्दानं कधी काही म्हणाली नाही. मी तेव्हा फार खूष होते, माझं काम किती चोख म्हणून.” बाईंनी हात पुसायला कापड घेतले. “त्या तीन वर्षांत माझी बाही एकदाही लागली नसेल का?”

बाहेर व्हरांड्यात हौसाची बादली सरकल्याचा आवाज झाला. नवी परिचारिका दचकली. पण या खेपेस तिचे लक्ष आवाजावर राहिले नाही. तिच्या मनात एकच गोष्ट आली : फरशी पुसणारी बाई, न लागलेल्या चिमट्यासाठी, डॉक्टरांसमोर बोलली. आणि आपण, खरोखर लागलेल्या नळीसाठी, समोर डॉक्टर नसतानाही बोललो नाही.

“बाई,” ती म्हणाली, “काल माझ्याकडून नळीचं टोक पांघरुणाला लागलं. सुगंधाबाईंच्या. मी तीच घातली. आणि कागदावर निर्जंतुक पद्धतीनं घातली असं लिहिलं.”

एकही शब्द न गाळता तिने वाक्य पुरते केले.

आता वाचकाला वाटेल की बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला असेल. तसे झाले नाही. बाईंचा चेहरा कठीण झाला.

“किती वाजता?”

“सव्वादहा.”

“म्हणजे चोवीस तास उलटून गेले. सकाळी ताप?”

“नव्हता. दर दोन तासांनी बघतेय मी. कालपासून.”

“बघतेयस, पण का बघतेयस ते कोणाला सांगितलं नाहीस.” बाईंनी कापड खुंटीला अडकवले. “डॉक्टर अजून ऑफिसात आहेत. आधी त्यांच्याकडे, मग सुगंधाबाईंकडे. मी मागं उभी राहीन. बोलायचं तू.”

“त्यांना घाई आहे. ते आधीच चिडलेत...”

“आहेत. तरी जायचं.”

ऑफिसापर्यंत बावीस पावले होती. ती मोजत गेली, कारण काहीतरी मोजले नाही तर पाय मागे वळतील असे तिला वाटले. दारात उभी राहून तिने सारे सांगितले; बेडपॅनचे निमित्त सांगितले नाही, किल्लीचेही नाही. नळी लागली, मी तीच घातली, मी खोटे लिहिले. एवढेच.

डॉक्टर तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर मागे उभ्या असलेल्या बाईंकडे गेली. एखादा तिखट शब्द त्यांच्या ओठांवर आला असावा. तो त्यांनी गिळला.

“सिस्टर, ती नळी आत्ता काढा, नवी घाला. लघवीचा नमुना तपासायला पाठवा. ताप दर चार तासांनी, आणि जरा जरी चढला तरी मला फोन. मी ऑपरेशनमध्ये असलो तरी तिथल्या सिस्टरला निरोप द्या.” ते उठले. दारापाशी थांबून म्हणाले, “हे मला काल सव्वादहाला कळायला हवं होतं.”

“हो, सर.”

“आज कळलं, हेही...” त्यांनी वाक्य अर्धेच सोडले आणि गेले.

सुगंधाबाईंना सांगणे त्याहून अवघड होते, कारण त्या हसून पाहत होत्या. नवी परिचारिका खाटेशेजारच्या स्टुलावर बसली.

“मावशी, काल नळी घालताना माझ्याकडून चूक झाली. ती स्वच्छ राहिली नव्हती, आणि मी ती बदलली नाही. तुम्हाला त्यानं त्रास होऊ शकतो. आता ती काढून नवी घालते, तपासणीही करतो.”

सुगंधाबाईंचे हसू मावळले.

“माझ्या पायाला होईल काही?”

“होऊ नये म्हणूनच सगळं चाललंय. पण होणारच नाही असं मी सांगू शकत नाही.”

“हं.” त्यांनी पांघरुणावरचा हात उचलला आणि न विचारता तिचे मनगट धरले, कासारणी धरतात तसे, बोटे आत दुमडून, माप घेतल्यासारखे. “बघ पोरी, बांगडी भरताना काच फुटली, तर आम्ही फुटली म्हणत नाही. वाढली म्हणतो. अशुभ नको म्हणून. पण नाव बदललं म्हणून काच रुतायची राहते का? ज्या कासारणीला धंदा कळतो ती आधी हात धरते, तुकडा काढते, रक्त पुसते. मग म्हणायचं ते म्हणते.” त्यांनी तिचा हात सोडला. “रागावलेय मी तुझ्यावर. पण काढ तू. दुसरीला बोलवू नकोस.”

तिने हात धुतले. हातमोजे घातले. या वेळी शेजारच्या टेबलावर तिने आधीच नव्या नळीचा जादा संच मागून ठेवला होता. इनचार्ज सिस्टरांनी किल्ली देताना विचारले, “दोन कशाला?” आणि ती म्हणाली, “एखाद्या वेळी लागली तर टाकता यावी म्हणून.” आवाज बारीकच होता, पण खाली गेला नाही. जुनी नळी काढून नवी घातल्यावर तिने कालच्या कागदावरच्या त्या ओळीवर एकच सरळ रेघ मारली. खालचे अक्षर वाचता येईल अशी. खोडले नाही, झाकले नाही. त्याखाली खरे काय झाले ते लिहिले, आजची तारीख आणि वेळ घातली, सही केली.

संध्याकाळी साडेपाचला सुगंधाबाईंना ताप भरला. शंभराच्या थोडा वर. एरवी अशा तापाला ‘ऑपरेशननंतर येतोच’ म्हणून कोणी फारसे मनावर घेतले नसते. त्या दिवशी पाचव्या मिनिटाला निरोप गेला, आणि अर्ध्या तासात औषध सुरू झाले. दोन दिवसांनी तपासणीचा कागद आला. लघवीत जंतू होते. त्या जंतूंवर लागू पडणारे औषध बदलून दिले. रक्ताच्या तपासणीत काही निघाले नाही. सळई सुरक्षित राहिली.

नव्या परिचारिकेला लेखी जबाब द्यावा लागला. महिनाभर तिने शिकवणीच्या पुतळ्यावर नळी घालण्याचा सराव केला, बाई मागून मुद्दाम थाळ्या आपटत, आणि ती दचकली की शांतपणे म्हणत, “टोक कुठं लागलं? बघ. टाक. दुसरी घे.” तिचे दचकणे काही गेले नाही. दचकल्यावर दुसरी नळी घेणे मात्र हाताला लागले.

शस्त्रक्रियेनंतर तेराव्या दिवशी सुगंधाबाईंचे टाके काढायचे होते. पुन्हा तीच खाट, तोच ड्रम, तीच उंच बरणी. बाई ट्रे मांडत होत्या, डॉक्टर हातमोजे घालून उभे होते, हौसा दारात बादली घेऊन. शेवटची वस्तू ट्रेमध्ये आली. डॉक्टरांनी हात पुढे केला, पण ट्रेला लावला नाही. ते दाराकडे वळले.

“मावशी, ठीक आहे ना? कुठं काही लागलं?”

हौसाने पोछ्याची काठी भिंतीला टेकवली. दोन पावले पुढे आली. एकोणीस वर्षे चोरून पाहणारी तिची नजर आता ट्रेवरून, चिमट्यावरून, बाईंच्या कापऱ्या हातावरून सावकाश फिरली. सुगंधाबाईसुद्धा गप्प राहिल्या.

“नाही लागलं,” हौसा म्हणाली. “करा.”

आणि डॉक्टरांनी काम सुरू केले. नवी परिचारिका ड्रमचे झाकण धरून उभी होती. त्या दिवशी ट्रे वाया का घालवला, हे बाईंनी तिला मोरीपाशी समजावून सांगितले होतेच. पण तो वाया गेलाच नव्हता, हे तिला आत्ता समजले.

आपल्याही कामाच्या दारात कोणीतरी असे काठी घट्ट धरून उभे असते. ते बोलले, तर बरोबर की चूक हे ठरवण्याआधी आपण हात थांबवावा.